गाडीच्या मॉड्यूलांत वेगवेगळे व्हीआयएन दिसतात तेव्हा: निदानाची पूर्ण पद्धत

गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नव्हती, इंजिनचा दिवा लागलेला होता आणि स्कॅनरवर पी ०६३१ हा कोड होता. या कोडचा अर्थ, गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये (त्याचा कारभार पाहणाऱ्या छोट्या संगणकात) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चॅसिस नंबर, भरलेला नाही किंवा जुळत नाही. मालक येताना एक खोकंही घेऊन आले होते. त्यात कोरं करकरीत गिअरबॉक्स मॉड्यूल होतं. कोड त्याच मॉड्यूलचा, तेव्हा दोषही त्याचाच, असं त्यांना आधीच्या गॅरेजमध्ये सांगितलेलं. ते खोकं मला उघडावंच लागलं नाही. गिअरबॉक्सचं मॉड्यूल अगदी ठीक होतं. त्याला शेजारचा ईसीयू, म्हणजे इंजिनचं मॉड्यूल, ओळखीचा वाटत नव्हता आणि त्याने तसं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, इतकंच.

या कामात सर्वात जास्त पैसे आणि वेळ इथेच वाया जातात. कोड टाकणारं मॉड्यूल म्हणजे दोषी मॉड्यूल, असं धरून लोक पुढे जातात. त्याहून वाईट म्हणजे काही जण हाताशी टूल आहे म्हणून थेट नवा नंबर लिहून मोकळे होतात, आणि त्याबरोबर बिघाड कुठून आला हे सांगणारा एकमेव पुरावाही पुसला जातो. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: सगळं वाचून, कागदावर उतरवून होईपर्यंत कुठल्याही मॉड्यूलमध्ये काहीही लिहायचं नाही. फॉल्ट कोडसुद्धा पुसायचे नाहीत.

मॉड्यूल हा नंबर कशाला जपतात?

व्हीआयएन म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात चॅसिस नंबर म्हणतो तोच. एकूण १७ जागा. पहिल्या तीन जागा उत्पादकाच्या, चौथी ते नववी गाडीच्या वर्णनाच्या, दहावी ते सतरावी त्या एका गाडीच्या ओळखीच्या. आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल वर्षापासून हा सतरा जागांचा साचा सक्तीचा झाला. आयएसओ ३७७९ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक.

इंजिनचा ईसीयू, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोल, मीटरचा क्लस्टर यांपैकी बरीच मॉड्यूलं हा नंबर स्वतःच्या मेमरीत ठेवतात. कुणी चोरीविरोधी संरक्षणासाठी, कुणी योग्य कॉन्फिगरेशनसाठी, कुणी उत्सर्जन तपासणीसाठी. काही गाड्यांत एक मुख्य मॉड्यूल इग्निशन चालू होताच नंबर नेटवर्कवर पाठवतं आणि बाकीची तो आपल्याकडच्या नंबराशी ताडून पाहतात. मुख्य कोण, हे गाडीगणिक बदलतं: कुठे बॉडी कंट्रोल, कुठे क्लस्टर, कुठे इंजिनचा ईसीयू. तुमच्या समोरच्या गाडीत हा मान कुणाचा, हे उत्पादकाच्या दुरुस्ती माहितीत आधी पाहून ठेवा.

स्कॅनर लावण्याआधी पत्रा वाचा

बॉडीवर ठोकलेला नंबर, काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचं लेबल आणि नोंदणीचा कागद, या चारही ठिकाणचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि फोटो काढा. कागदावरून उतरवून घेतलेल्या नंबरावर भरवसा ठेवू नका. ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड यांची अदलाबदल डोळ्यांदेखत होते. कुणी नंबरात ओ लिहिलेला दिसला तर ते शून्यच असणार, हे वरच्या नियमावरून लगेच कळतं. दाराच्या लेबलवर गाडी तयार झाल्याचा महिना असेल तर तोही टिपा. पुढे त्याचा मोठा उपयोग होतो.

बॉडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबरच जुळत नसेल, ठोकलेल्या अक्षरांचा आकार वेगवेगळा दिसत असेल, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील, तर इथेच थांबा. पुढचं काम गॅरेजचं नाही, नोंदणी अधिकाऱ्यांचं आणि पोलिसांचं आहे. अशा गाडीच्या मॉड्यूलमध्ये तुम्ही एक बाइट जरी लिहिला तरी तुमचा हात त्यात अडकतो.

नंबर खरा की टंकताना चुकलेला, हे पाहायला नववी जागा कामी येते. उत्तर अमेरिकेच्या नियमांखालच्या गाड्यांत तिथे तपास-अंक असतो. प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा द्यायचा (ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं एचपर्यंत ८. जे ते एन १ ते ५, पी ७, आर ९. एस ते झेड २ ते ९). मग सतरा जागांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ या वजनांनी गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं. जी बाकी उरेल तीच नवव्या जागी असायला हवी. बाकी १० आली तर तिथे एक्स. शेजारच्या दोन अंकांची उलटापालट यात बहुतेक वेळा पकडली जाते. पण ८ च्या जागी एच किंवा बीच्या जागी एस आला तर पकडली जात नाही, कारण दोन्हींचा आकडा एकच आहे. आणि हे गणित सगळ्या गाड्यांना लावू नका. युरोपात तपास-अंक सक्तीचा नाही. फोक्सवॅगनच्या युरोपीय नंबरांत नवव्या जागी सरळ झेड असतो. तिथे गणित जुळलं नाही म्हणून नंबर खोटा ठरत नाही.

वीज आणि नेटवर्क

बॅटरी अशक्त असेल तर मॉड्यूल अर्धवट उत्तर देतात, काही गप्पच राहतात, आणि नसलेले कोड उभे राहतात. वाचन सुरू करण्याआधी स्थिर चार्जर लावा. इग्निशन चालू ठेवून व्होल्टेज साडेबाराच्या खाली घसरत असेल तर आधी ते सावरा.

एखादं मॉड्यूल बोलतच नसेल तर तो व्हीआयएनचा प्रश्न नाही. आधी त्याचा फ्यूज, पॉवर, अर्थ आणि कॅनच्या (मॉड्यूलांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या) तारा बघा. बॅटरी सोडून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला तर दोन १२० ओहमच्या टर्मिनेटरमुळे साधारण ६० ओहम यायला हवा. सॉकेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल असलेल्या गाडीत मात्र या मोजणीवरून आतल्या बसबद्दल (नेटवर्कच्या तारांबद्दल) काहीच कळत नाही. त्या बसवर जाऊन वेगळं मोजावं लागतं.

वाचन: कच्चे बाइट्स बघा

स्वस्त स्कॅनरनेही सुरुवात करता येते. ओबीडी या सार्वत्रिक निदान पद्धतीचा मोड ०९, पीआयडी (माहितीचा क्रमांक) ०२ म्हणजे व्हीआयएन. पण हा मोड उत्सर्जनाशी संबंधित मॉड्यूलांपुरताच, म्हणजे इंजिन आणि कधी गिअरबॉक्स. अनेकदा स्कॅनर सगळ्यात आधी आलेलं उत्तर दाखवतो आणि ‘गाडीचा व्हीआयएन’ असं नाव देतो. तो गाडीचा नसतो, उत्तर देणाऱ्या एका मॉड्यूलचा असतो. बाकीच्यांसाठी यूडीएस ही मॉड्यूलांशी बोलण्याची निदान-भाषा लागते: सेवा २२, ओळख-क्रमांक एफ १९०. केडब्ल्यूपी २००० ही जुनी निदान-भाषा वापरणाऱ्या गाड्यांत तेच काम सेवा १ए आणि ९० करते.

टूलने कच्चे बाइट्स दाखवण्याची सोय दिली असेल तर ती जरूर वापरा. कॅनवर व्हीआयएनचं उत्तर एका फ्रेममध्ये (एका वेळच्या संदेशात) मावत नाही, तीन फ्रेममध्ये येतं. पहिल्या फ्रेमची सुरुवात १० १४ अशी. इथला १४ हेक्समधला (सोळाच्या पायावरचा) आहे, म्हणजे एकूण वीस बाइट: तीन शीर्षकाचे आणि सतरा नंबराचे. या फ्रेममध्ये नंबराची पहिली तीन अक्षरं येतात. मग २१ ने सुरू होणारी फ्रेम पुढची सात आणते, २२ ने सुरू होणारी शेवटची सात. समजा शेवटची फ्रेम अशी आली:

२२ ३० ३४ ३१ ३७ ३८ ३५ ३२

पहिला २२ हा फ्रेमचा क्रम. पुढचे सात बाइट आस्की या अक्षर-संकेतातले अंक आहेत: ३० म्हणजे ०, ३४ म्हणजे ४, ३१ म्हणजे १. नंबराची शेपूट ०४१७८५२. मला ही शेपूट हाताने उलगडायची सवय आहे आणि ती सुटू नये असं वाटतं, कारण टूलचा पडदा जे सुबक करून दाखवतो त्यात रिकामे बाइट, जागा आणि तुटलेल्या फ्रेम लपतात. कॅनच्या आधीच्या ओबीडी गाड्यांत हाच नंबर चार-चार बाइटच्या पाच संदेशांत येतो आणि सुरुवातीला तीन शून्य बाइट भरलेले असतात. तो बिघाड नव्हे, ती रीतच आहे.

७एफ २२ ३१ असं उत्तर आलं तर त्या मॉड्यूलमध्ये ही ओळखच नाही. बऱ्याच लहान मॉड्यूलांत ती नसते, त्यांना ‘जुळत नाही’ या यादीत टाकू नका. शेवटी ३३ आला तर सुरक्षा परवानगी हवी. ७८ आला तर थांबा, उत्तर येतंय.

तक्ता

आता प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ लिहा. व्हीआयएनसोबत सुट्या भागाचा क्रमांक (एफ १८७), सॉफ्टवेअर क्रमांक (एफ १८८), हार्डवेअर क्रमांक (एफ १९१), अनुक्रमांक (एफ १८सी), मिळाली तर उत्पादनाची तारीख (एफ १८बी), त्या मॉड्यूलमध्ये साठवलेले किलोमीटर आणि सगळे कोड. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीच्या तक्त्याचा गाभा असा होता:

बॉडीवर ठोकलेला: …०४१७८५२
बॉडी कंट्रोल: …०४१७८५२
क्लस्टर: …०४१७८५२
एबीएस: …०४१७८५२
गिअरबॉक्स: …०४१७८५२, कोड पी ०६३१
इंजिन: संपूर्ण वेगळा नंबर, आणि उत्पादनाची तारीख गाडीच्या लेबलपेक्षा आठ महिने पुढची

गाडी बनली तेव्हा जो ईसीयू अस्तित्वातच नव्हता तो तिच्यात जन्मापासून कसा असेल? त्या एका तारखेने सगळं सांगितलं. विचारल्यावर मालकांनाही आठवलं की दोन वर्षांपूर्वी पाणी शिरून ईसीयू गेला होता आणि ‘दुरुस्त करून’ मिळाला होता. प्रत्यक्षात तो बदलला गेला होता. इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) डेटा जुन्यातून उतरवला म्हणून गाडी सुरू व्हायची, व्हीआयएन मात्र दुसऱ्या गाडीचा तसाच राहिला. मग इतके दिवस तक्रार का नव्हती? मधल्या काळात गिअरबॉक्स मॉड्यूलचं सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं आणि नव्या सॉफ्टवेअरने ताडून पाहायला सुरुवात केली.

नमुने ओळखणं

सगळे बाइट एफएफ, शून्य किंवा रिकामी जागा असतील तर मॉड्यूल कोरं आहे: नवीन बसवलं आणि कोडिंग राहिलं, किंवा प्रोग्रामिंग मध्येच तुटलं. दुसऱ्या शक्यतेत सोबत पी ०६०२सारखा कोड आणि अपुरा सॉफ्टवेअर क्रमांकही दिसतो. इंजिनच्या ईसीयूत हेच घडलं तर पी ०६३० उमटतो.

संपूर्ण वेगळा पण नीट वाचता येणारा नंबर म्हणजे भाग दुसऱ्या गाडीतून आला. अनुक्रमांक, तारीख आणि किलोमीटर यांनी ते पक्कं करा.

एक-दोन अक्षरांचाच फरक हा सगळ्यात विचार करायला लावणारा नमुना. नंबरात ७८ च्या जागी ८७ असेल तर कुणीतरी हाताने टंकलं आणि चुकलं, दुसरं काही नाही. पण कच्च्या बाइट्समध्ये ३१ च्या जागी ३३ असेल तर जरा थांबा. या दोन बाइटमध्ये फक्त एका बिटाचा फरक आहे, आणि असा एकटा बिट उलटणं हे खराब होत चाललेल्या मेमरीचं लक्षण असू शकतं. तीच ओळख इग्निशन बंद-चालू करून पाच वेळा वाचा. दर वेळी तेच आलं तर एकदाच चुकून लिहिलं गेलं असेल. उत्तर बदलत असेल तर मॉड्यूल बदलण्याशिवाय इलाज नाही, त्यात नंबर पुन्हा लिहिणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. ३७ आणि ३८ या बाइट्समध्ये मात्र चार बिट वेगळे आहेत, तिथे मेमरीवर संशय घ्यायचं कारण नाही.

नंबर सरकलेला किंवा मधूनच कापलेला दिसला तर आधी टूलवर संशय घ्या. २१ नंतर थेट दुसऱ्याच वाचनाचे बाइट आले असतील, म्हणजे एक फ्रेम हरवली. दुसऱ्या टूलने किंवा दुसऱ्या केबलने वाचा.

आणि मॉड्यूलांचे दोन गट पडले, अर्धी एका नंबराची आणि अर्धी दुसऱ्या, तर मोजदाद करून बहुमताने निकाल देऊ नका. मुख्य मॉड्यूल बदललं गेलं असेल तर त्याने आपला चुकीचा नंबर इतर अनेकांना शिकवलेला असू शकतो. एक खरा आणि सहा खोटे, असंही मी पाहिलं आहे. निकाल पत्र्यावरचा नंबर देतो.

क्रायस्लर गटाच्या अनेक मॉड्यूलांत मूळ आणि सध्याचा असे दोन व्हीआयएन वेगळे साठवलेले असतात. मूळ नंबर दुसऱ्या गाडीचा आणि सध्याचा बरोबर असेल, तर भाग जुना आहे पण रीतसर शिकवला गेला आहे. फियाट आणि अल्फा रोमिओत मॉड्यूलांच्या यादीशी मेळ बसला नाही की ओडोमीटरचा आकडा लुकलुकतो, आणि त्यावर प्रॉक्सी जुळवणी (मॉड्यूलांची यादी पुन्हा जुळवणं) करावी लागते. जुन्या बीएमडब्ल्यूंत क्लस्टर आणि लाइट मॉड्यूलमधली नोंद जुळली नाही तर ओडोमीटरशेजारी लहान ठिपका पेटतो. फोक्सवॅगन गटाचं घटक-संरक्षण, म्हणजे दुसऱ्या गाडीतून आलेल्या मॉड्यूलवरचं कुलूप, अधिकृतपणे उत्पादकाच्या ऑनलाइन सर्व्हरवरूनच निघतं.

तक्रारीचं मूळ हेच आहे का?

व्हीआयएन वेगळा आहे म्हणजे तक्रार त्याचीच, असं नाही. वेगळ्या नंबराचं म्युझिक सिस्टीम मॉड्यूल गाडी बंद पाडत नाही. इमोबिलायझरचंही नीट समजून घ्या. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होणं हे मॉड्यूलांमधल्या गुप्त संकेतावर चालतं, व्हीआयएनवर नाही. नुसता नंबर बरोबर लिहून सुरू न होणारी गाडी सुरू होईल ही आशा धरू नका. तिथे इमोबिलायझरची जोडणी रीतसर करावी लागते.

संबंध तपासायला कोडची साठवलेली माहिती बघा: किती किलोमीटरला उमटला, आणि त्याच सुमारास कुठलं काम झालं होतं. मग, तक्ता जपून ठेवल्यावरच, कोड पुसा आणि इग्निशन चालू करा. व्हीआयएनचा कोड बहुधा लगेच परततो, गाडी चालवावी लागत नाही. चालवल्यावरच येणारा कोड बहुतेक वेळा दुसऱ्या बिघाडाचा असतो.

एअरबॅगच्या मॉड्यूलबद्दल माझं मत कडक आहे. त्यात नंबर वेगळा दिसला तर दिवा विझवण्यासाठी नंबर लिहू नका. जुन्या मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद असू शकते, आणि एअरबॅगांची संख्या, सीटचे सेन्सर यांचं कॉन्फिगरेशन वेगळं असू शकतं. विझलेला दिवा आणि न उघडणारी एअरबॅग हा सौदा कुणीही करू नये. त्या गाडीसाठीचं नवं मॉड्यूल बसवा.

लिहिण्याची वेळ

दोषी मॉड्यूल ठरलं, कारण ठरलं, तरी लिहिण्याआधी सुट्या भागाचा आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक या गाडीला लागू आहे का ते ताडा. चुकीच्या भागात बरोबर नंबर लिहिला तर पुढच्या माणसाला तो कधीच सापडणार नाही. मॉड्यूलची जुनी माहिती पूर्ण वाचून साठवा. चार्जर चालू ठेवा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, बिनतारी अडॅप्टरऐवजी केबल वापरा, हेडलाइट आणि ब्लोअर बंद करा.

काही मॉड्यूल व्हीआयएन एकदाच लिहू देतात. म्हणून नंबर टंकल्यावर दुसऱ्या माणसाकडून फोटोवरून मोठ्याने एकेक अक्षर वाचून घ्या, मगच पुढचं बटण दाबा. शक्यतो उत्पादकाचंच टूल वापरा. ते व्हीआयएनसोबत कॉन्फिगरेशनही भरतं, साधं टूल फक्त सतरा अक्षरं भरतं. मुख्य मॉड्यूल चुकीचं असेल तर आधी त्याला दुरुस्त करा, नाहीतर बाकीची पुन्हा चुकीचं शिकतील. क्लस्टर बदलताना किलोमीटरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी करणं अनेक देशांत गुन्हा आहे. त्यावर तडजोड नाही.

लिहून झाल्यावर इग्निशन बंद करा, किल्ली लांब ठेवा, दारं लावा आणि नेटवर्क झोपेपर्यंत थांबा. मग सगळी मॉड्यूलं पहिल्यापासून वाचून दुसरा तक्ता बनवा आणि पहिल्याशेजारी ठेवा. कोड पुसल्यामुळे उत्सर्जनाच्या स्वयंतपासण्या शून्यावर गेलेल्या असतात. त्या पूर्ण होईपर्यंत गाडी चालवल्याशिवाय उत्सर्जन तपासणीला पाठवू नका.

त्या गाडीत इंजिनच्या ईसीयूचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही लागू होतं, उत्पादकाच्या टूलने लिहायला परवानगी दिली आणि पी ०६३१ गेला. गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी थंड गाडीवर पुन्हा वाचलं तेव्हा सगळ्या ओळींची शेपूट ०४१७८५२ आली, आणि पहिल्याच फेरीत गिअर सहाव्यापर्यंत गेले. दोन्ही तक्ते मालकांच्या हातात दिले, ईसीयू बदललेला आहे ही नोंद त्यावर लिहून. खोकं ते सील न फोडता परत घेऊन गेले.